राजवाड्याचा जीर्णोद्धार : वास्तू राखली, घर राखले काय?

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या समाजात इतका रुळलेला आहे की, त्याचा अर्थ काय असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. देवस्थानच्या वर्गणीच्या पावतीवर तो छापलेला असतो, कोनशिलेवर कोरलेला असतो, आणि महाजनांच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात तर तो हटकून येतो. जीर्ण झालेल्याचा उद्धार, एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु व्यवहारात या एकाच शब्दाखाली दोन परस्परविरोधी कृत्ये होत असतात. एकात जीर्ण वास्तूला टेकू देऊन, तिचा कुजलेला भाग काढून, तिला उभी ठेवले जाते. दुसऱ्यात ती पाडून तिच्या जागी नवी उभारली जाते. पावती मात्र दोहोंची एकच. इंदूरच्या राजवाड्याच्या दुरुस्तीसंबंधी लिहावयास बसलो असता आम्हांला प्रथम या शब्दाची आठवण झाली. कारण या एकाच वाड्यात दुरुस्ती आणि पुनर्बांधणी ही दोन्ही पाठीला पाठ लावून उभी आहेत. पुढचा भाग दुरुस्त केलेला आहे, मागचा नव्याने बांधलेला आहे. दोहोंचे मोल एकाच मापाने करता येणार नाही, आणि आजवर झालेल्या कौतुकात नेमके तेच झाले आहे, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम वास्तूची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. थोरले मल्हारराव होळकर यांनी या वाड्याचे काम १७४७ साली आरंभिले असे मानतात. सात मजली इमारत. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. प्रचंड दरवाजा, त्यावर लोखंडी खिळे. वर एकावर एक चढत गेलेले सज्जे आणि झरोके. आत चौक, चौकाभोवती खांबांच्या ओळी. मराठी वाड्याची बैठक, माळव्यातील राजपुती झरोका, मोगली कमान आणि फ्रेंच नक्षीचा काही अंश, हे सारे येथे नांदते, आणि नांदता नांदता एकमेकांशी भांडत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती. इंदूरला राजधानीचा मान मिळाला तो १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. म्हणजे या वाड्याने अहिल्याबाईंपेक्षा त्यांच्या पुढील पिढ्या अधिक पाहिल्या. आज वाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे तो योग्यच आहे, परंतु पुतळा आणि वाडा यांचे नाते भावनेचे आहे, वास्तव्याचे फारसे नाही.

हा वाडा तीनदा जळाला. यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे यांच्या वैरात १८०१ साली शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले, तेव्हा पहिली आग लागली. द्वितीय मल्हाररावांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८११ ते १८३३ या काळात, तो पुन्हा बांधला गेला. दुसरी आग १९०८ ची. तिसरी १९८४ ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर जो वणवा पेटला, त्याची एक ज्वाळा या लाकडी वाड्यापर्यंत पोहोचली, आणि मागील भाग बहुतेक सर्व भस्मसात झाला. पुढची सात मजली दर्शनी बाजू तेवढी उभी राहिली. दैवाचा खेळ असा की, प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी ‘इन्टॅक’ ही संस्था भारतात स्थापन झाली तीही १९८४ सालीच.

या तीन तारखा आम्ही केवळ इतिहास म्हणून दिलेल्या नाहीत. जी वास्तू पावणेदोनशे-दोनशे वर्षांत तीन वेळा जळते, तिच्या दुरुस्तीचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न असा असला पाहिजे: चौथी आग लागू नये म्हणून काय केले? झरोक्यांची नक्षी किती हुबेहूब आली, हा प्रश्न त्यानंतरचा. प्रत्यक्षात समारंभांत आणि वृत्तपत्रांत आम्ही जे ऐकले-वाचले, त्यात नक्षीचे वर्णन पुष्कळ होते. विजेच्या तारा कोठून नेल्या, लाकडी मजल्यांवर पाणी किती वेळात पोहोचेल, एका वेळी किती माणसे वर सोडावयाची, यांची चर्चा क्वचितच आढळली. रात्री रोषणाईत न्हालेला वाडा पाहून डोळे निवतात हे खरे. परंतु ज्या घराला आगीने तीनदा गाठले, त्याच्या अंगावर दिव्यांच्या माळा पाहताना गृहस्थाश्रमी माणसाच्या मनात दुसराही विचार आल्यावाचून राहत नाही.

आता दोन जीर्णोद्धारांकडे वळू.

१९८४ नंतर मागील भागाचे वर्षानुवर्षे काहीच झाले नाही. तेथे बाग करण्यात आली. २००६ साली होळकर घराण्यातील उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने पुनर्बांधणी सुरू झाली आणि २००७ मध्ये ती पूर्ण झाली. तिचे वैशिष्ट्य असे सांगितले जाते की, मूळची पद्धत, मूळची शैली आणि मूळचीच सामग्री, म्हणजे दगड, वीट, चुना व लाकूड, यांनीच ती करण्यात आली. हे वैशिष्ट्य लहान नाही. ज्या काळात गावोगावी जुने वाडे पाडून सिमेंटच्या चाळी उठत होत्या, त्या काळात कोणी चुन्याच्या घाणीचा विचार करावा, सुतारांकडून सांधे कोरून घ्यावे, याला धैर्य लागते आणि पदरचा पैसाही लागतो. तरीही जे सत्य आहे ते बोलले पाहिजे. मागचा भाग हा अठराव्या शतकाचा नव्हे, एकोणिसाव्याचाही नव्हे. तो २००७ चा आहे. तो जुन्याचे चांगले, श्रद्धापूर्वक केलेले पुनःकथन आहे.

यात कमीपणा आहे काय? आमच्या मते नाही, पण एका अटीवर. आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. मयमतासारख्या शिल्पग्रंथात जीर्णोद्धारावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि अग्निपुराणातही तो विषय आला आहे. तेथील विधान मोठे रोखठोक आहे: मूर्ती जीर्ण झाली असता ती विधिपूर्वक काढावी, लाकडाची असेल तर अग्नीत द्यावी, पाषाणाची असेल तर जलात सोडावी, आणि नवी जी बसवावयाची ती त्याच मापाची व त्याच द्रव्याची असावी. म्हणजे नवे करण्यास शास्त्राची मनाई नाही. मनाई आहे ती माप आणि द्रव्य बदलण्यास, आणि जुन्याची विल्हेवाट बेपर्वाईने लावण्यास. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर, त्याच मापाचे व त्याच जातीच्या लाकडाचे, नव्याने बांधले जाते. २०१३ साली त्याची बासष्टावी आवृत्ती झाली. तेथे जतन होते ते लाकडाचे नव्हे, सुताराच्या हाताचे. या दृष्टीने पाहिले तर राजवाड्याच्या मागील भागाची बाजू शास्त्रास धरून आहे.

अट ही की, नव्याने नवे असल्याचे लपवू नये. १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुरक्षणाची जी सनद तयार झाली, तिचा एक आग्रह असा की, नंतर जोडलेला भाग मूळ भागाशी सुसंगत असावा, परंतु ओळखूही यावा. पुढे १९९४ मध्ये जपानातील नारा येथे या विचारात भर घालण्यात आली, आणि वास्तूचा खरेपणा केवळ दगडमातीत नसून कारागिरीत, उपयोगात व परंपरेतही असतो हे मान्य झाले. या दोन्ही विचारांचा मेळ घालणे अवघड नाही. एक साधी पाटी, एखाद्या तुळईवर कोरलेला सन, लाकडाच्या छटेतील किंचित फरक, एवढ्याने काम भागते. आम्ही वाडा पाहावयास गेलो तेव्हा आमच्यासोबत शाळेत जाणारी काही मुले होती. पुढचा भाग पाहून मागे आल्यावर, ‘हे सगळे मल्हाररावांनी बांधले ना?’ असा प्रश्न त्यांनी केला. त्यांच्या प्रश्नात दोष नव्हता. दोष होता तो त्यांना काही न सांगणाऱ्या भिंतींचा.

पुढच्या भागाची गोष्ट वेगळी. तो जळाला नव्हता, पण पाऊस, वाळवी, खालून चढणारी ओल आणि वर्षानुवर्षांची हयगय यांनी तो पोखरला होता. ‘स्मार्ट सिटी’ योजनेखाली त्याची दुरुस्ती हाती घेण्यात आली. कित्येक वर्षे वाड्याचे मुख परातींच्या मागे झाकलेले होते. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या कृषिविषयक बैठकीस आलेल्या परदेशी पाहुण्यांना हा दुरुस्त वाडा दाखविण्यात आला. पुढे २० मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठकही येथेच भरली.

अशा दुरुस्तीत काय अवघड असते ते समजून घेतल्याखेरीज तिची टीका वा स्तुती करणे व्यर्थ होय. लाकडी वाड्यात भिंत ही बहुधा भार वाहत नाही. भार वाहतात ते खांब आणि तुळया. भिंत त्यांच्यामधील जागा भरते. एका तुळईचे टोक भिंतीत शिरते, आणि कुजणे सुरू होते ते नेमके त्या टोकाशी. कारण तेथे ओल साठते, वारा पोहोचत नाही, आणि वाळवीला आडोसा मिळतो. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, आत टोकाचा भुसा झालेला असतो. म्हणून जाणता कारागीर तुळईला हातोडीने ठोकून तिचा आवाज ऐकतो. पोकळ आवाज आला की सगळी तुळई टाकून द्यावयाची नसते. कुजलेले टोक कापून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडावयाचा असतो. यासाठी वरचा सारा भार टेकूंवर घ्यावा लागतो, आणि सात मजल्यांच्या वाड्यात हे काम किती जोखमीचे आहे, हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट चुन्याची. सिमेंट बळकट असते, मग जुन्या भिंतीस सिमेंट लावले तर बिघडले कोठे, असे आमचे अनेक सुशिक्षित मित्र विचारतात. बिघडते ते असे: चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, ऋतूप्रमाणे थोडी हलते, थोडी सावरते. सिमेंटचा थर ताठ असतो व ओल बाहेर जाऊ देत नाही. आत कोंडलेली ओल मग लाकडात आणि विटेत शिरते. लोखंडी सळई असेल तर ती गंजते, गंजून फुगते आणि भोवतालचा भाग फोडते. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून ती मरत असते. म्हणून चुना, सुरखी, आणि त्यात गूळ, मेथी, बेलफळाचे पाणी असे जुने कालवण, हे सारे म्हातारपणाच्या आठवणींचे कौतुक नसून रोकडे शास्त्र आहे. राजवाड्याच्या दुरुस्तीत चुन्याच्या कामास परत मान मिळाला, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आम्ही समजतो. या निमित्ताने ज्या गवंड्यांनी चुना मळावयास शिकून घेतले, त्यांचे हात हेच या कामाचे खरे फलित. त्यांना पुढचे काम मिळाले नाही, तर ते पुन्हा सिमेंटकडे जातील, आणि पुढील दुरुस्तीच्या वेळी आपण पुन्हा पहिल्या इयत्तेत बसू.

येथवर आम्ही वास्तूविषयी बोललो. परंतु राजवाडा ही केवळ वास्तू नव्हती. ते घर होते. घराचे लक्षण काय? त्यात चूल असते, माणसांचा राबता असतो, आणि देवघर असते. चूल केव्हाच विझली. राबता आहे तो पाहुण्यांचा. उरले देवघर. वाड्यात होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड यांचे मंदिर आहे. आमच्या दृष्टीने साऱ्या वाड्याचे प्राण तेथे आहेत. सात मजल्यांचा दर्शनी भाग नाहीसा झाला असता आणि एवढे मंदिर राहिले असते, तरी तो होळकरांचा वाडा म्हणता आला असता; उलट मंदिर नाहीसे होऊन दर्शनी भाग तेवढा राहता, तर तो एक चांगला देखावा झाला असता.

वकिली हा आमचा व्यवसाय असल्यामुळे येथे एका जुन्या खटल्याची आठवण होते. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील कुलदेवतेच्या पूजेची पाळी भावाभावांत वाटलेली होती, आणि आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी नेण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. न्यायमूर्तींनी सांगितले ते आजही उद्बोधक आहे. देवता ही इकडून तिकडे हलवावयाची चीजवस्तू नव्हे; कायद्याच्या दृष्टीने ती एक व्यक्ती आहे; तिने कोठे राहावे याविषयी तिची म्हणून एक इच्छा मानली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यास निःस्वार्थी असा प्रतिनिधी न्यायालयापुढे असला पाहिजे. परकीय न्यायाधीशांना जे कळले, ते आपल्याला दुरुस्तीच्या आराखड्यात कळू नये काय? वाड्याच्या दुरुस्तीत अभियंत्याचे मत घेतले जाते, पर्यटन खात्याचे घेतले जाते, ठेकेदाराचे तर घ्यावेच लागते. देवघराच्या वतीने कोण बोलतो?

हा प्रश्न काल्पनिक नाही. राजवाड्याशेजारीच गोपाळ मंदिर आहे. होळकर घराण्यातील कृष्णाबाईंनी ते १८३२ साली बांधविले. त्याचीही अलीकडे चांगली दुरुस्ती झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या दुरुस्त मंदिरात एक विवाहसोहळा पार पडला, तेव्हा शहरात मोठा संताप व्यक्त झाला. वास्तू सुंदर झाली की तिला मागणी येते. १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्याच्या सोळाव्या कलमात असे आहे की, जे संरक्षित स्मारक पूजास्थान आहे, त्याचा उपयोग त्याच्या स्वरूपास विसंगत अशा कामी करू नये. केंद्राच्या ताब्यातील स्मारकांपुरते ते कलम असले, तरी त्यातील तत्त्व सर्वत्र लागू करावे इतके शहाणपणाचे आहे. दुरुस्तीच्या आराखड्याबरोबरच उपयोगाची मर्यादाही लिहून ठेवली पाहिजे. ती नसेल, तर दुरुस्ती हीच पुढील दुरुपयोगाची पूर्वतयारी ठरते.

घर रिते झाल्यावर वास्तूचे काय होते, हे पाहावयाचे तर इंदूरमध्येच माणिकबाग आहे. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून हा महाल बांधून घेतला. त्यातील आसने, दिवे, गालिचे युरोपातील त्या काळच्या अग्रणी कलावंतांचे होते. १९८० साली त्या साऱ्या वस्तूंचा मोनाको येथे लिलाव झाला. महालाच्या भिंती राहिल्या. तेथे केंद्रीय महसूल खात्याची कचेरी आली. आज माणिकबागेतील खुर्ची पाहावयाची असेल, तर परदेशच्या संग्रहालयात जावे लागते. भिंती वाचल्या म्हणून तेथे समाधान मानावयाचे की काय? राजवाड्याच्या बाबतीत एवढे तरी सुदैव की, त्याचा देव अजून त्याच्यात आहे.

आता या विवेचनाचा आमच्या वाचकांशी काय संबंध, ते सांगितले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी अनेकांची कुलदैवते गोमंतकात आहेत. सोळाव्या शतकात सासष्टी, बारदेश, तिसवाडी येथील देवालये मोडली गेली तेव्हा पूर्वजांनी मूर्ती उचलून नदीपार नेल्या; कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. प्रथम साध्या आसऱ्याखाली, पुढे मोठ्या देवालयांत त्यांची स्थापना झाली. या इतिहासावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, देव महत्त्वाचा, देऊळ नव्हे. तेव्हा जुने मोडून मोठे बांधण्यास हरकत काय? आम्हांला हा निष्कर्ष उलटा वाटतो. ज्यांची देवळे दुसऱ्यांनी मोडली, त्यांनी आपल्या हातांनी देऊळ मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावयास हवा. गोमंतकातील देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीने व चुन्याने काढलेली कावीची चित्रे होती. किती भिंती नूतनीकरणात गेल्या आणि त्यांच्याबरोबर किती चित्रे गेली, याचा हिशेब कोणाकडे आहे? राने-डोंगरांच्या आडोशाला असलेले तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेवमंदिर तेवढे अनेक शतके टिकले. त्याला आडवाटेने वाचविले, समृद्धीने नव्हे.

येथे आमचाही एक कबुलीजबाब देणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांमागे एका देवस्थानच्या समितीने आमचा कायदेशीर सल्ला मागितला होता. लाकडी सभामंडप पाडून त्या जागी सिमेंटचा मोठा मंडप उभारावयाचा होता. ठराव विधिवत झाला आहे काय, गणपूर्ती होती काय, नोटीस वेळेत गेली काय, एवढेच आम्ही तपासले, आणि हरकत नाही असे लिहून दिले. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. मंडप पाडल्यावर खांबांपैकी चार-दोन काय ते कुजलेले निघाले. बाकीचे सागाचे खांब एका व्यापाऱ्याने उचलून नेले. काही वर्षांत नव्या गच्चीतून पाणी झिरपू लागले आणि सळया उघड्या पडल्या. त्या जुन्या खांबांना हातोडीने ठोकून पाहावे, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. ठराव तपासला, खांब तपासला नाही. राजवाड्याच्या दुरुस्तीविषयी आम्ही जे लिहितो आहोत, ते त्या चुकीच्या आठवणीने लिहितो आहोत.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर त्याची मर्यादाही सांगू. १९५८ च्या केंद्रीय कायद्याच्या धर्तीवर मध्य प्रदेशाचा १९६४ चा कायदा आहे, गोव्याचा १९७८ चा आहे. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. हे सारे स्तुत्य आहे. परंतु या कायद्यांची भाषा मुख्यतः निषेधाची आहे: पाडू नये, खोदू नये, बांधू नये. घर मात्र निषेधावर जगत नाही. दर पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, पन्हळी साफ करणे, चुन्याचा हात देणे, तुळया ठोकून पाहणे, या नित्यकर्मांवर घर जगते. ही नित्यकर्मे आज्ञेने होत नाहीत, उत्पन्नाच्या सोयीने होतात. होळकरांच्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीचे उत्पन्न तोडून दिले, आणि पुढे अहिल्याबाईंनी त्या खासगीतून देशभर देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या व चालविल्या. बांधणीच्या शेजारीच चालविण्याची तजवीज, हे त्यांच्या दानाचे मर्म होते. त्या खासगीच्या न्यासासंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या न्यासास राज्याचा सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू आहे असा निर्णय २०२२ साली झाला. वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आम्हांला एवढेच दिसते की, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी लावलेली व्यवस्था आजही भांडण्याइतकी जिवंत आहे. आजच्या योजनांतून बांधलेले किती काही तीनशे वर्षे भांडण्याजोगे राहील?

अहिल्याबाईंची दृष्टी आणखी एका बाबतीत बोधप्रद आहे. सोमनाथाला १७८३ साली त्यांनी मंदिर बांधले, ते मोडक्या देवळाजवळ, वेगळ्या जागी. तेथे पूजा अखंड चालू लागली. भग्नावशेषांशी झगडण्यापेक्षा पूजा सुरू करणे त्यांना अधिक निकडीचे वाटले असावे. त्यांच्या नावाचा त्रिशताब्दी समारंभ ज्या वाड्यात झाला, त्या वाड्याविषयी आपण तोच प्रश्न विचारावा: येथे काय अखंड चालू आहे?

एकंदरीत पाहता आमचा अभिप्राय असा. मागील भागाची पुनर्बांधणी ही शास्त्रास धरून, त्याच द्रव्यात केलेली, परंतु स्वतःचा सन सांगण्यास संकोचणारी अशी आहे. पुढील भागाची दुरुस्ती ही कारागिरीच्या दृष्टीने अभिमानास्पद आहे, आणि तिने चुन्याची व लाकडाची विद्या काही काळ तरी वाचविली आहे. दोहोंत उणीव एकच. समारंभाचा दिवस ठरला, त्यानंतरच्या दिवसांची दिनचर्या पुरेशी ठरली नाही. आगीपासूनचे रक्षण, वार्षिक तपासणी, उपयोगाची मर्यादा आणि देवघराचा प्रतिनिधी, या चार गोष्टी कोणत्याही दुरुस्तीच्या कागदावर पहिल्या पानावर असावयास हव्यात. राजवाड्यासारख्या वास्तूसाठी त्या सरकारने कराव्या. आमच्या देवस्थानांसाठी त्या आम्हीच करावयाच्या आहेत, तेथे दुसऱ्यावर बोट दाखविण्याची सोय नाही.

येत्या सभेत कोणी जीर्णोद्धाराचा ठराव मांडील, तेव्हा अनुमोदन देण्यापूर्वी आमच्या वाचकांनी एवढे करावे. एखाद्या जाणत्या सुताराला बरोबर घेऊन जावे, जुन्या मंडपाच्या प्रत्येक खांबास हातोडीने ठोकून पाहावे, आणि कोणता खांब काय उत्तर देतो ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. मग ठरावाला बसावे.